कुशीवरून उचलणारं यंत्र

कुठलंही यंत्र दिसलं की कांबळेकाका थांबत आणि त्याचं नाव विचारत. मग ते कालव्यातला गाळ काढणारं असो, नाहीतर रस्ता झाडणारं. चालवणारा डच माणूस गोंधळून हसे, मला इंग्रजीत सांगे आणि मी काकांना मराठीत. "नाव कळल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही," ते म्हणत. त्यांना हात लावायला कोण देणार होतं, हे मला कळत नसे.

माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सुषमाचे ते वडील. दोन महिन्यांसाठी डेल्फ्टला आले आणि कोरोनामुळे विमानंच बंद झाली. सुषमा दिवसभर लॅपटॉपसमोर मीटिंगांत अडकलेली. माझी पीएच.डी.ची लॅब बंद. त्यामुळे दुपारी काकांना फिरवून आणायचं काम माझ्याकडे आलं. दीड मीटर अंतर ठेवून आम्ही कालव्याकाठी चालायचो. दार उघडलं की ते "जय भीम, डॉक्टर" म्हणत. मी अजून डॉक्टर झालेलो नाही, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

एकदा एका बंद यार्डाच्या कुंपणापलीकडे ते यंत्र दिसलं. ट्रकएवढं लांब, गंजलेलं, चाकांभोवती गवत माजलेलं. केबिन एका कोपऱ्यात, जेमतेम एका माणसापुरती. आणि दोन उंच लोखंडी खांब, तेही समोर नाहीत, कुशीला. काकांनी त्या दिवशी नाव विचारलं नाही.

"ओळखा," ते मलाच म्हणाले.

"फोर्कलिफ्ट?"

"तो समोरून उचलतो. हा कुशीवरून. डब्याच्या शेजारी येऊन उभा राहतो, डबा उचलून स्वतःच्या पाठीवर घेतो आणि चालायला लागतो." डबा म्हणजे जहाजावरचा कंटेनर. "पण हा तोच आहे का, ते सांगता येत नाही."

"तोच म्हणजे कुठला?"

काका कुंपणाच्या कडेने केबिनच्या बाजूला चालू लागले.

सुषमाला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा मशिनवर? छे! मुंबईला एका कंटेनर यार्डात क्लार्क होते ते. डब्यांचे नंबर लिहायचे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सकाळी मलाच विचारत होते, केबिन डावीकडे असते की उजवीकडे? हाउसआर्ट्सना फोन करू का रे?" हाउसआर्ट्स म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर. मी म्हटलं, आधी यंत्र कुठलं ते बघू. जुन्या यंत्रांच्या एका हौशी ग्रुपवर मी फोटो टाकला. एक म्हणाला लाकडं उचलायचं यंत्र, दुसरा म्हणाला लष्कराचं. काकांनी दोघांनाही खोडून काढलं. पण स्वतः त्यांनी तोपर्यंत केबिनची बाजू तीनदा बदलली होती.

शेवटी एका दुपारी यार्डाचं फाटक उघडं सापडलं. मालकीणबाई साठीच्या, मास्क हनुवटीवर. "वडिलांनी घेतलेलं," त्या म्हणाल्या. "ते त्याला झेइलाडर म्हणायचे. मला बाकी काही माहीत नाही."

"साइडलोडर!" काका एकदम ओरडले. "हेच नाव! विचारा, वर चढू का?"

सत्तरीतला तो माणूस गंजलेल्या पायरीवरून वर चढला आणि केबिनमध्ये बसला. समोर चार दांडे. कुठला कशाचा, ती अक्षरं झिजून गेलेली. काकांनी डोळे मिटले. हात तिसऱ्या दांड्यावर गेला. मग दुसऱ्यावर. परत तिसऱ्यावर.

"जॅकचा दांडा कुठला, डॉक्टर?" ते म्हणाले. "डबा उचलण्याआधी हे लोखंडी पाय जमिनीवर टेकवायचे असतात. नाहीतर सगळं कुशीवर आडवं होतं."

आणि मग त्यांनी सांगितलं. मुंबईच्या यार्डातल्या साइडलोडरचा ऑपरेटर सलीम त्यांचा जिवलग. जेवणाच्या सुट्टीत तो त्यांना चोरून चालवू द्यायचा. एक दिवस डबा उचलताना यंत्र डब्यासकट कलंडलं. काकांना खरचटलंसुद्धा नाही. माणसं धावत आली तेव्हा सलीम पुढे होऊन म्हणाला, मीच चालवत होतो. त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. काका गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, डब्यांचे नंबर लिहीत बसले. त्यानंतर सलीमला भेटायचं धाडस त्यांना झालं नाही.

"मी जॅकचा दांडा ओढला होता, मला आठवतंय. की दुसराच ओढला? शेजारी शेजारी होते का? चाळीस वर्षं हेच. वाटलं, यंत्र ओळखलं तर कळेल." दोन्ही हात दांड्यांवर तसेच ठेवून ते म्हणाले, "हा तोच आहे. नाही... तो पिवळा होता."

मी खाली उभा. उतरायला मी हात पुढे केला.

काही आठवड्यांनी त्यांना परतीच्या विशेष विमानात जागा मिळाली. मुंबईला पोचल्यावर, बाहेर पडायची मुभा मिळताच ते सलीमचं घर शोधत गेले. त्या संध्याकाळी मला फोन आला.

"भेटला! म्हणतो, तो जॅक आठ दिवस गळत होता, दांडा ओढूनही पाय टिकला नसता. त्यालाच माहीत होतं, मला सांगायचं राहून गेलं. डॉक्टर, हे खरं असेल, की माझं मन राखायला म्हणाला?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही कळेनासं झालंय," काका म्हणाले आणि खूप हसले. त्यांना असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. पुढे दर शुक्रवारी ते सलीमकडे जात.

दोन वर्षांनी काका गेले. सुषमा मुंबईला पोचली. सलीमची सगळी गोष्ट तिला मी सांगितली होती. भेटायला आलेल्या सलीमचाचांना तिने बाजूला नेऊन विचारलं, जॅक खरंच गळत होता का?

म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"कौनसा जॅक, बेटी?"