तोंडाला कोरड

कमलमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच होते. त्यांचा मुलगा "गेली" एवढंच म्हणाला. शेजारी कपहोल्डरमध्ये त्यांची स्टीलची बाटली होती... शेवटचं हॉस्पिटलला नेताना राहिलेली. त्या फोनला आता पाच आठवडे झाले.

मावशी नागपूरच्या. इथे डब्लिनला मुलाकडे, म्हणजे आमच्या शेजारीच, राहायच्या. दोन वर्षांपूर्वी मुलाला सुट्टी मिळेना म्हणून त्यांना डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. नर्सनं विचारलं, दुभाष्याला फोन लावू का? कशाला, मी आहे ना, म्हटलं. पुण्याची मी, मराठीचा तोरा होताच. मावशी म्हणाल्या, "तोंडाले कोरड पडते. घास खाली उतरत नाही." मी डॉक्टरांना सांगून मोकळी झाले, की यांना भीती वाटते, कसली तरी काळजी लागलीय. आपल्याकडे तोंडाला कोरड पडते ती घाबरल्यावरच ना... डॉक्टरांनी मन शांत राहायच्या गोळ्या दिल्या. दीड वर्ष मावशी त्या निमूटपणे घेत राहिल्या आणि पोळी पाण्यात बुडवून खात राहिल्या.

पुढे खोकला हटेना, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची जीभ पाहिली. तोंडात लाळच नव्हती. रक्ताच्या तपासणीतून नीट उलगडा होईना, म्हणून ओठाची बायोप्सी ठरली. खालचा ओठ बधिर करून आतून लाळेच्या चार-पाच बारीक ग्रंथी काढायच्या आणि तपासायच्या. "ओठच काहून? लय बोलते म्हणून?" असं मावशींनी मला विचारलं होतं. रिपोर्ट आला. शरीर स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उठलं होतं, आणि एव्हाना फुफ्फुसांवरही. हे दीड वर्षापूर्वी कळलं असतं तर, असं मी विचारलं. "मेबी," बाई म्हणाल्या. तो एक शब्द मला जगू देत नाही.

मावशींपाशी मी सगळं कबूल केलं. रडत होते. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रड बाई. मले तर रडताही येत नाही..."

परवा माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला, सोनलला, शाळेतून आणत होते. हायवेवर हॉस्पिटलकडे वळणारा एक्झिट दिसला आणि माझा आवाजच फुटेना.

"व्हॉट हॅपन्ड, आई?"

"काही नाही गं. तोंडाला कोरड पडलीय."

मी अजून रोज भरून ठेवते ती मावशींची बाटली तिनं उचलली, झाकण फिरवलं आणि माझ्यासमोर धरली.

"हिअर. पाणी पी."