एका विटेची वाट

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही जमत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. तेवढं सांभाळून घ्या.

"थोडं सरका, होते जागा," म्हणत हाताचा पंजा आडवा हलवणारी बाई तुम्हीही पाहिली असेल. आमच्या घरमालकाची आई, जिला आम्ही सगळे खाला म्हणायचो, ती तशी. परतवाड्याच्या भरलेल्या जीपमध्ये ती सगळ्यांत शेवटी चढायची आणि खिडकीशी बसायची. मी मात्र कुणी न सांगताच सरकणारी. अकोल्यात तिच्या मुलाच्या घराला मागून लागून असलेल्या खोलीत मी भाड्याने राहते.

खालाने उभी हयात मालधक्क्यावर चहा विकला. गुडघे गेले आणि मुलाने टपरी बंद केली. घरी बसली, पण डोळ्यांपुढचे मालगाडीचे डबे काही हटेनात. नातवाने टाकून दिलेली सेलवरची आगगाडी तिने उचलली. इंजिन, तीन डबे आणि गोल रूळ. तो गोल तिने पहिल्याच दिवशी मोडला.

"गोल गोल फिराले ते का घाण्याचा बैल हाय?"

तिला मालधक्काच हवा होता, आणि जागा होती जिन्याखालची एक फळी, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेली. तिने बांगडीभोवती वळण आखलं, तर डबे उलटले. मग परातीच्या कडेने आखलं. रूळ बदलायचे सांधे बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचे, ते सरकवायला छत्रीची काडी. कूलर दुरुस्त करणाऱ्याकडून इंजिनाला मागेपुढे चालायचं बटण बसवून घेतलं.

खेळ असा: एका रुळावर सरकी, ढेप आणि डाळीचे डबे उभे करायचे. सगळ्यात आत सरकी, आणि तीच आधी बाहेर काढायची. पुढचे दोन डबे ओढून आणायचे, सांधा फिरवायचा, रिकाम्या रुळावर ढकलायचे, मग सरकीचा डबा आणायला जायचं. जोड केसाच्या पिनेने सोडायचा, डब्याला हात लावायचा नाही.

"हातानं काय, कोनीबी उचलते," खाला म्हणे.

मुलाला त्या जागी इन्व्हर्टर ठेवायचा होता. "अम्मी, उन्हाळा तोंडावर आला. तवापावतर गाडी चालली तर फळी तुई. नाई तर इन्व्हर्टर."

आणि गाडी अडली. दोन डबे घेऊन इंजिन निघालं की सांधा मोकळा व्हायच्या आतच त्याचं नाक भिंतीला लागे. वीतभर रूळ कमी पडत होता.

"एक डबा कमी कर ना," मुलगा म्हणाला.

"तू घरातलं एक पोट्टं कमी कर."

दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते. मसाल्याच्या डब्यांमागे खरखर झाली, एक वीट हलली आणि निघालीच. भोकात खालाचा डोळा. वीट उकरायचं उलथनं तिच्या हातात.

"थोडं सरक ना बाई. वीतभर पाहिजे."

"खाला, तुमचा पोरगा मले खोली खाली कराले लावन."

"मंग मीबी येते तुयासंगं, गाडी घेऊन." भोकाशी आणखी वाकून म्हणाली, "तू लय सरकते. मी म्हटलं तवा सरक. दुसऱ्याले नाई म्हनाले शिक."

मी मसाल्याचे डबे सरकवले.

मुलगा पाहायला उभा राहिला. दोन डबे घेऊन इंजिन भिंतीतून माझ्या स्वयंपाकघरात आलं, हळद आणि तिखटाच्या मधे थांबलं. तिकडे सांधा फिरला. इंजिन परत गेलं आणि शेवटी एकट्या सरकीला घेऊन आलं. मुलगा फेरा मारून माझ्या दारात आला. इंजिनाकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं आणि मागे फिरला. इन्व्हर्टर पलंगाखाली गेला.

मग रोज दुपारी भिंतीपलीकडून हाक यायची, "आली का व गाडी?"

"आली," मी म्हणायची. माझा आवाज भिंतीपलीकडे जातो, हे मला तेव्हा कळलं.

थंडीत खाला गेली. त्या सकाळी इंजिन माझ्याकडे होतं.

काही दिवसांनी मुलगा वीट आणि सिमेंटचं घमेलं घेऊन आला. "बाई, डबे सरकवा. भोक बुजवून टाकतो."

माझा हात सवयीने डब्यांकडे गेला. मग मी तो कमरेवर ठेवला.

"नाई."

"काहून?"

"गाडी बाहेर हाय. गाडी आत गेल्याबिगर वाट कोनी बंद करते का?"

"मंग टाका आत."

"नाई टाकत. हातानं काय, कोनीबी उचलते."

त्याने घमेलं दारात ठेवलं. खोली त्याची, भिंत त्याची. मी सरकले नाही. घमेल्यातलं सिमेंट घमेल्यातच घट्ट झालं.

इंजिन अजून हळद आणि तिखटाच्या मधे उभं आहे.