नवव्या कपाटाचा फोटो

काष्टीजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात आसारामबापू सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहेत. छपराचे पत्रे गळतात, म्हणून इंजिनिअरकडून दुरुस्तीचा आराखडा करून घेऊन ते दोन वर्षं देणगीसाठी दारोदार फिरले. देणारे कमी नाहीत, पण प्रत्येकाला कपाटच द्यायचं असतं. कपाटावर वडिलांचं नाव रंगवता येतं. पत्र्यावर चढून नाव कोण वाचणार?

परवा पुष्पावतीबाई सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला टेम्पोतून नववं कपाट घेऊन आल्या.

"वहिनी, कपाटं लई झाली," बापू म्हणाले. "यंदा छपराचं बघा की."

"बापू, मामंजींचं नाव लोकांना दिसाया नको व्हय?"

मी शेजारीच उभा होतो. बाईंचा असा संताप आला, की चार शब्द सुनवावेत. बापूंनी मात्र आठव्या कपाटाशेजारी जागा करून दिली. कपाटाला हार घातला, फोटो निघाले, मंडळी जेवायला गेली.

आभाळ भरून आलं होतं. फोटोपुरती काढलेली ताडपत्री बापूंनी पुन्हा कपाटांवर ओढायला घेतली. मी दुसरं टोक धरलं. सगळ्यात आधी झाकलं गेलं ते पहिल्या कपाटावरचं नाव, माझ्या आजोबांचं.