गॅरेजातला गाण्याचा क्लब

पेटीचा डबा उघडला की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मला कोलकात्याच्या बेहाला भागातलं ते ओलसर गॅरेज आठवतं. यांची बँकेतून तिकडे बदली झालेली, आणि मी, स्वतःला थोर गायिका समजणारी बावळट, घरमालकांच्या रिकाम्या गॅरेजात संगीत क्लब काढायला निघाले होते. लोक तिकीट काढून माझं गाणं ऐकतील, भाडं सुटून वर नफा होईल, अशी माझी खात्री! दिवसभर लोकांचे कर्जाचे अर्ज नाकारून आलेले हे म्हणाले, "आधी एक फुकट बैठक करून बघ. जमलं नाही, तर क्लबचं नाव काढायचं नाही." मी हट्टालाच पेटले. रविवारी सतरंज्या अंथरल्या, झाडून सारी गल्ली आली. मी सूर लावते न लावते तोच शेजारीण मला वहिनी करत म्हणाली, "बौदी, जरा सरका, आमची मुलगी गाईल." तिच्यानंतर दातांचे डॉक्टर गायले, मग खुद्द घरमालक. घरोघरी गाणारे, ऐकायला आलेलं कुणीच नव्हतं! हे हसले, "बुडाला तुझा क्लब." "बुडतोय कशाला?" म्हणत मी उठले आणि तिथंच जाहीर केलं, "पुढच्या रविवारपासून गाईल त्यानं पैसे द्यायचे, ऐकणाऱ्याला चहा फुकट!" घरमालकांनीच आधी पाकीट काढलं. पहिल्याच महिन्यात भाडं सुटलं. आता नात विचारते, "आजी, तिथं तू किती वेळा गायलीस?" एकदाही नाही गं, माझ्या गाण्याच्या वेळेलाही पैसे देणारं गिऱ्हाईक होतं ना!