विमानातून मेलेली दिसलेली झाडं

दुसरं महायुद्ध संपलं होतं, पण सांबऱ्याच्या तळावर विमानं अजून होती. त्यांतल्याच एकानं थंडी सरता सरता खानापूरच्या रानावर फेऱ्या मारून फोटो काढले आणि ते बेळगावच्या जंगल कचेरीत माझ्या टेबलावर येऊन पडले. मी तिथं नकाशे काढायचो. एकाच जागेचे लागोपाठ काढलेले दोन फोटो जोडभिंगाखाली धरले की सपाट कागदातून झाडं उभी राहत. पहिल्यांदा तर मी दचकून हातच मागं घेतला होता.

काम सोपं आहे, असं आमचे साहेब म्हणत. साहेबांना सगळंच सोपं वाटायचं. गडद, भरलेला शेंडा म्हणजे धडधाकट झाड. फिकट आणि विरळ म्हणजे आजारी. नुसता खांब उभा, फांद्यांची सावलीसुद्धा नाही, म्हणजे मेलेलं. अशा झाडांचा पट्टा दिसला की त्याला लाल पेन्सिलीनं घेरायचं आणि आधी तोडणीला काढायचं.

एका फोटोत ओढ्याचं वळण ओळखीचं वाटलं. आमच्याच गावाचा ओढा! त्याच्या वरच्या अंगाला सगळे खांबच खांब. साहेबांनी भिंगातून पाहिलं, "कीड दिसतेय, पसरायच्या आत पट्टा साफ करू," म्हणाले आणि लाल रेघ मारून मोकळे झाले.

त्या रानातला पाला आणि डहाळ्या तोडून आम्ही भाताचं रोप करायच्या जमिनीवर पसरतो आणि उन्हाळ्यात जाळतो. हाच आमचा राब. त्याच्याशिवाय आमच्याकडे रोप धरत नाही. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि सगळ्या गावाचं भात त्या पट्ट्याच्या जिवावर होतं.

सुट्टी मिळताच रेल्वेनं खानापूर गाठलं आणि घरी न जाता थेट रानात चढलो. वर पोचलो आणि बघतच राहिलो. ऐन, किंजळ, सगळी जागच्या जागी, आणि खोडाखोडावर तांबूस पालवीचे झुबके. फांद्या नव्हत्या, कारण त्या राबासाठी आमच्याच लोकांनी तोडल्या होत्या. कमरेला कोयता लावून ज्या झाडांवर मी लहानाचा मोठा झालो, ती वरून बघितल्यावर मला ओळखू आली नाहीत! असा संताप आला की एका ऐनाला लाथ घातली, आणि मग अंगठा धरून तिथंच खुळ्यासारखा हसत बसलो.

आप्पांना सांगितलं तर ते हसले नाहीत. "आमी डहाळं काढलाव, झाड कुटं मारलाव?" म्हणाले. "त्या सायबाला सांग की रं. तोडलं तर लई वाईट हुईल."

सांगितलं. साहेबांनी चष्मा वर केला. "गाव तुझं, झाडं तुझ्या गावची, आणि साक्षही तूच देणार?"

राग आला, पण माणूस चूक बोलत नव्हता. मी म्हटलं, "मग तुम्हीच चला."

आणि आले की! साहेब धारवाडच्याही पलीकडचे, ज्वारीच्या मुलखातले. राब त्यांनी कधी पाहिला नव्हता. चढण चढून घामाघूम झाले, तरी बसले नाहीत. चाकू काढून एका खोडाची साल खरवडली. आमच्याबरोबर वर आलेले आप्पा हात बांधून बघत उभे होते. सालीखाली ओलं, हिरवंगार. साहेबांनी दुसरं झाड पाहिलं, मग आणखी चार पाहिली. शेवटी मांडीवर नकाशा घेऊन लाल रेघ खोडली आणि शेजारी लिहिलं, 'फांद्या तोडलेल्या, झाडं जिवंत.'

"काय लिवलं रं?" आप्पांनी हळूच विचारलं.

"झाडं जिवंत आहेत म्हणून लिहिलंय, आप्पा."

"मग तोडत न्हाईत न्हवं?"

"न्हाई."

आप्पा त्या खरवडलेल्या खोडावरून हात फिरवत राहिले.

उन्हाळ्यात आमच्या शेतात राब पेटला तेव्हा मी मुद्दाम रजा काढून गेलो. आई लांबून ओरडली, "धुरात बसू नको रं, डोळं जातील!" मी उठलो नाही. तिथं बसून डोळे पुसले तर कुणी कारण विचारत नव्हतं.