बाळकुमचा बांध फुटला ती दुपार

त्या वर्षी आमची प्लाटून उत्तरेतल्या एका डोंगरी पोस्टवर होती. मी नायक, काशिनाथ लान्स नायक. दोघेही ठाण्याजवळच्या बाळकुमचे, एकाच शाळेतले. भरतीच्या मैदानावरही एकत्रच धावलेलो. बाकीचे जवान सातारा-सांगलीकडचे.

पोस्टवरचं आयुष्य ठरलेलं असतं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज, मग चहा, हत्यारांची सफाई, पेट्रोल म्हणजे गस्त, खालच्या ओढ्यावरून पाणी आणणं. संध्याकाळी ड्यूटी नसली की आम्ही बंकरमध्ये स्टोव्हभोवती बसायचो आणि गावाच्या गोष्टी निघायच्या.

आज बाळकुम म्हटलं की लोकांना टॉवर आणि ट्रॅफिक आठवतात. आमच्या लहानपणी ते गाव होतं. भाताची शेतं, त्यापलीकडे खाडी, आणि खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मध्ये मातीचा लांब बांध. शाळा दोन खोल्यांची, शेताच्या कडेला. गुरुजी ठाण्याहून सायकलवर यायचे. पायजमा चेनमध्ये अडकू नये म्हणून त्याला क्लिप लावलेली असायची, आणि ती काढायला ते रोज विसरायचे. फळ्यासमोर उभे राहिले की एक पाय फुगलेला, एक चिमटलेला. हसलो तर छडी.

शाळा सुटली की आम्ही खाडीच्या चिखलात निवट्या, चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे, पकडायचो. काशिनाथची आई, मी तिला मावशी म्हणायचो, त्यांचं कालवण करायची आणि मला घरातून हाक मारून बोलवायची. बांधाला खांड पडली, म्हणजे तो कुठे फुटला, की घरटी एक माणूस फावडं-टोपली घेऊन निघायचा. भावाभावांत बोलणं बंद असलं तरी टोपली एकमेकांच्या हातात द्यायचे. कोणी आदेश देत नसे. पुढे फौजेत पहिल्यांदा फॉल-इन, म्हणजे सगळ्यांचं रांगेत उभं राहणं, पाहिलं तेव्हा मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

आम्ही चौथीत होतो. अमावास्येचं उधाण होतं. भर दुपारी, पाढे चालू असताना, बाहेर ओरडा झाला. बांध फुटला होता. आम्ही दाराशी पोचेपर्यंत पाणी पायरीला लागलं होतं.

गुरुजी ओरडले नाहीत.

"दप्तरं ठेवा. हात धरा. देवळाकडे चला."

देऊळ उंचावर होतं. वाट शेताच्या कडेने. पाणी आधी गुडघ्याला, मग कमरेला. मध्ये एक चर होता, तो पाण्याखाली दिसला नाही. माझा पाय गेला. नाकातोंडात खारट पाणी. मग मागून कोणीतरी माझी कॉलर धरली आणि मला वर ओढलं. सगळी मुलं देवळात पोचली. गाव तोवर बांधावर होतं.

बंकरमध्ये ही गोष्ट निघाली की आमचा वाद ठरलेला.

"काशा, तू ओढलंस मला."

"नाय रं. मीच बुडालतो. तू काढलास मला."

"अरे, कॉलर माझी फाटली होती. आईने मारलं मला त्यावरून."

"माझी पन फाटली व्हती."

एक सातारचा जवान म्हणायचा, "दोघं बी बुडाला, मग ओढलं कुणी?" सगळे हसायचे. आम्हीही हसायचो. पण मला नीट कळायचं नाही. मला कॉलरवरचा हात आठवतो. चेहरा आठवत नाही.

पुढे एकदा लिंक पेट्रोलला, म्हणजे शेजारच्या पोस्टपर्यंतच्या गस्तीला, मी कमांडर होतो. आम्ही सहा जण, काशिनाथ माझ्या मागे. हवा स्वच्छ होती. गोळीबार नव्हता, शत्रू नव्हता. वरून दगड सुटले. धूळ बसल्यावर मी मोजले, तर पाच. काशिनाथ खाली कपारीत पडला होता. मी दोरावरून उतरलो. वायरलेस सेटवर पोस्टने विचारलं.

"चार्ली टू, रिपोर्ट. ओव्हर."

"चार्ली टू. दगड कोसळले. एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"हालत? ओव्हर."

"सीरियस. ओव्हर."

नाव सेटवर घेत नाहीत. मी घेतलं नाही. रक्त थांबवायला जे शिकवलं होतं ते केलं. काशिनाथ शुद्धीवर होता, पण कुठे आहे ते त्याला कळत नव्हतं. त्याने मला विचारलं, "पानी उतरला का रं?"

मी म्हटलं, "उतरलं."

स्ट्रेचर पोचण्यापूर्वी तो गेला.

मी आता रिटायर आहे. आमच्या शाळेने, आता ती चार मजल्यांची आहे, मुलांना जुन्या शाळेच्या आणि काशिनाथच्या आठवणी सांगायला मला बोलावलं. आदल्या दिवशी मी त्याच्या आईला भेटलो. ती एका टॉवरमध्ये नातवाकडे राहते. मी बांधाची गोष्ट काढली. मावशीने नकारार्थी मान हलवली.

"त्या दिसा काशी शालेन गेलाच नवता. त्याला ताप व्हता. माज्या पुढ्यान निजलेला."

"मावशी, तो होता. तो स्वतः सांगायचा."

"तुमी सांगत रायला, त्यानं आयकला. पोरांचा तसाच आसतं. मी आई हाय, मला म्हाईत नाय?"

ती खोटं बोलणारी बाई नाही. पण मग कॉलर कोणी धरली? काशिनाथला पाणी कुठलं आठवत होतं? त्याचे शेवटचे शब्द मी तिला कधी सांगितले नव्हते. त्याला घरी आणलं तेव्हा एवढंच बोललो होतो की त्रास झाला नाही. आता तिनेच विचारलं.

"शेवटाला काय बोलला?"

मी सांगितलं. शब्द त्याचेच ठेवले.

ती उठून खिडकीशी गेली. खाली पार्किंग होतं. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "मंग गेला आसंल शालेन. माजा डोला लागला आसंल, तवा उठून गेला आसंल. मला कललाच नाय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या स्टेजवर उभा राहिलो. ती पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती. मी मुलांना सांगितलं, या शाळेत लान्स नायक काशिनाथ शिकला. बांध फुटला त्या दुपारी मी बुडत होतो, आणि त्याने मला बाहेर काढलं. हे खरं आहे की नाही, मला ठाऊक नाही, पण ते मी तिथे बोललो नाही. मावशीने मान हलवून होकार दिला.