खांदा न बघता

माझ्या धाकट्या भावजयीचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. कारण विचारलं की आमच्या घरात सगळे एकच सांगतात, ती लाजली. थोरल्या दिराला खांदा दाखवायला लाजली आणि दुखणं अंगावर काढत बसली. तो थोरला दीर मी. आणि ही लाजण्याची गोष्ट घरात पहिल्यांदा सांगितली तीही मीच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बारामतीत माझा दवाखाना आहे, वीसेक वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी मी पुण्याला जाऊन मणक्यांवर हातानं करायच्या उपचारांचं शिक्षण घेऊन आलो. खांदा दुखणाऱ्या माणसाला पालथं झोपवायचं. खांद्याला हात लावायचा नाही. पाठीवर खांद्यांची दोन पाती असतात, त्यांच्या मधल्या मणक्यांवर तळहात टेकवायचा, श्वास सोडायला सांगायचं आणि तो सुटता सुटता एक छोटा, नेमका दाब द्यायचा. कट्ट असा आवाज येतो. माणूस उठून बसतो आणि मघाशी कानापाशी अडकलेला हात डोक्याच्या वर जातो. नेहमी नाही, पण पुष्कळदा. यात भोंदूपणा काही नाही. फक्त हा आराम बहुतेकदा थोड्या दिवसांचा असतो आणि तेवढ्यात खरं काम उरकायचं असतं. खांदा नीट तपासायचा, व्यायाम द्यायचे, ओझं बंद करायला लावायचं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

लोकांना मात्र तो आवाज आवडला. माळेगावच्या कारखान्यातले कामगार यायचे, कन्हेरीचे बागायतदार यायचे, आणि म्हणायचे, डॉक्टर, तेवढं कट्ट करून द्या. मी भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायचो. दाबाच्या आधी हात कुठवर गेला, नंतर कुठवर. दोन खुणांमधलं अंतर बघून पेशंटपेक्षा मलाच जास्त बरं वाटायचं.

भाऊ सणसरला असतो. शेती, चार गाई, आणि आई त्याच्याकडेच. ऊसतोडीच्या दिवसांत बायका फडातून वाढ्याचे भारे डोक्यावर आणतात. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, गाईंना घालतात. एक हात वर करून भारा धरायचा आणि बांधाबांधानं घर गाठायचं. असाच एक भारा भावजयीच्या डोक्यावरून घसरला. तो सावरताना खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं, असं आई मला फोनवर म्हणाली. तुटल्यासारखं. हा शब्द मी ऐकला होता.

रविवारी गेलो. आमच्यात धाकटी भावजय थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि मध्ये आई. मी आईला म्हणायचो, तिला म्हणावं हात वर कर. भावजय त्याच खोलीत दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची, तिला ऐकू गेलेलंच असायचं. तरी आई ते पुन्हा सांगायची आणि मग हात वर व्हायचा. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण लग्न झाल्यापासून आमचं असंच चाललं होतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

खांदा तपासायचा तर पाठीमागून तो उघडा बघावा लागतो. हे आईकरवी कसं सांगायचं, मला सुचेना. मणक्यांचं काम सोपं होतं. तिच्या पाठीवर पदर, पदरावर टॉवेल आणि त्यावर माझा हात. दाब दिला, आवाज आला. हिरव्या भिंतीवर दुसरी खूण चार बोटं वर गेली. आई आल्यागेल्याला सांगत सुटली, लेकाच्या हाताला गुण हाय म्हणून. भावजय दुसऱ्या दिवशी परत भारा आणायला गेली. जाऊ नको, असं मी म्हणालो नव्हतो.

मग दर दुसऱ्या रविवारी जाऊ लागलो. दर वेळी दाबानंतर खूण वर जायची. पण दाबाआधीची खूण दर खेपेला थोडी थोडी खाली उतरत होती. ती मी फिकट काढायला लागलो.

चौथी का पाचवी खेप असेल. आई गोठ्यात गेली होती. भावजय सतरंजीवर उठून बसली, माझ्याकडे पाठ करून. पदर खांद्यावरून जरा सैल केला आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "दादा, एकदा खांदाच बघता का? मला तितंच कायतरी गेल्यावानी वाटतंय."

हे बोलायचं ठरवायला तिनं किती रविवार घालवले असतील कोण जाणे. मी टॉवेलाची घडी घालत म्हणालो, "गरज नाही. मूळ पाठीत आहे."

तिनं पदर पुन्हा घट्ट केला.

रिवाज होता हे खरं, पण तिनं तो स्वतःच बाजूला सारला होता. माझ्याच दवाखान्यात एक बाई फिजिओथेरपिस्ट काम करत होती. तिच्याकडे पाठवलं असतं तर दहा मिनिटांत निकाल लागला असता. पण पाठवायचं म्हणजे माझं चुकलं असेल असं कबूल करायचं, तेही माझ्या हाताखालच्या मुलीपुढे. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती मी बायकोलाही सांगितलेली नाही. त्याच्या आधीच्या खेपेला टॉवेलावरून माझा अंगठा तिच्या पात्यांवरून फिरला होता. डावीकडे भरलेलं मांस लागलं आणि उजवीकडे खळगा. खांद्याच्या मागची दोरी, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा कंडरा, तुटून बरेच दिवस झाले की तिथलं मांस झडतं. हे शिकाऊ पोरांना सुद्धा कळतं. मलाही कळलं. मी मनाशी म्हटलं, काम पडतंय, वाळली असेल.

पुढं आणखी सहा महिने मी तिची पाठ दाबली.

एका सकाळी तिला वेणी घालता येईना. भाऊ तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात घेऊन आला. मी बाहेर बसलो आणि माझ्या सहकारी बाईंनी तिला पडद्याआड नेलं. त्या लवकरच बाहेर आल्या. भाऊ शेजारीच उभा होता, म्हणून आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही मागून खांदा बघितलाच नव्हता?"

मी म्हणालो, "आमच्यात थोरल्या दिरापुढं लाजतात हो."

एवढंच. हे मात्र भावाला ऐकू गेलं, आणि तेवढ्यानं सगळं झालं. फोटो काढले, पुण्याच्या सर्जननं बघितलं. दोरी आत ओढली गेली होती, मांसाची चरबी झाली होती, टाका धरणार नाही म्हणाला. सुरुवातीला आणलं असतं तर शिवता आलं असतं, असंही म्हणाला. भावानं ते ऐकलं आणि बायकोकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

गोष्ट गावात गेली. जावा-नणंदा टोमणे मारायच्या, एवढी कसली गं लाज. आईनं तर त्या लाजेचा अभिमान करून टाकला. पाहुणे आले की सांगायची, आमच्या सुनंचा हात गेला पण तिनं पदर सोडला न्हाय. भावजय हे ऐकायची आणि डाव्या हातानं चुलीतली लाकडं सारायची. तिला खोडून काढता येत नव्हतं. खोडायचं तर सांगावं लागलं असतं, मी दिराला म्हणाले होते माझा खांदा बघा. माझी अब्रू तिच्या अब्रूच्या आड सुखरूप बसली होती आणि मला ते माहीत होतं. तीन वर्षं मी सणसरला जाऊन जेवून येत होतो.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा पुतणी कॉलेजातून आलेली. आईनं कुणा पाहुणीला तीच गोष्ट सांगायला घेतली. पुतणी ताट वाढता वाढता म्हणाली, "मी न्हाय बाई आईसारखी येड्यावानी लाजायची."

भावजय भाकरी थापत होती. डावा हात फिरत होता, उजवा नुसता परातीला टेकलेला. तिनं लेकीकडे बघितलं नाही. मी घास खाली ठेवला.

"ती लाजली नव्हती," मी म्हणालो. "तिनं मला सांगितलं होतं, खांदा बघा. मीच बघितला नाही. आणि लाजली असं मी खोटं सांगितलं."

पाहुणी उठून पाणी प्यायला गेली. भाऊ ताटाकडे बघत राहिला. आई म्हणाली, असं कसं, तू तर म्हणाला होतास. मी म्हटलं, म्हणालो होतो. पुतणीच्या हातातली पळी तशीच राहिली, मग ती चुलीपाशी स्वतःच्या आईजवळ जाऊन बसली.

भावजयीनं तव्यावरची भाकरी उलटली. पदर सावरला. मग माझ्याकडे न बघता, आईकडे तोंड करून म्हणाली, "आत्याबाई, दादास्नी म्हणावं, एवढं बोलायला तीन वर्सं लागली व्हय."

आईनं ते मला सांगावं म्हणून मी थांबलो. आई उठून गोठ्याकडे गेली. भावजयीनंच डाव्या हातानं माझ्या ताटात भाकरी टाकली.